व्यासमंत्राचा जप कसा करावा

व्यासाय विष्णुरूपाय व्यासरूपाय विष्णवे ।
नमो वै ब्रह्मनिधये वासिष्ठाय नमो नमः ॥

विष्णुसहस्रनामाच्या आरंभी म्हटला जाणारा हा श्लोक. सुरुवात आषाढ पौर्णिमेला, म्हणजे व्यासपूजेच्या दिवशी करतात. पण त्यासाठी वर्षभर थांबायची गरज नाही.

आधी उच्चार पक्के करा, माळ नंतर. छंद अनुष्टुभ, म्हणजे प्रत्येक चरणात 8 अक्षरं. घाईत ‘वै’ गळतो आणि तिसरा चरण 7 अक्षरांवर येऊन लंगडतो. दुसरी हमखास चूक ‘वसिष्ठाय’ म्हणण्याची. नमस्कार वसिष्ठांच्या कुळातल्या व्यासांना आहे, म्हणून ‘वा’ दीर्घच. पहिल्या दोन चरणांची अदलाबदलही होते. पहिला ‘विष्णुरूपाय’वर संपतो, हे लक्षात ठेवा.

सकाळी स्नानानंतर पूर्वेकडे तोंड करून, आसनावर ताठ बसा. 108 मण्यांची तुळशीची माळ मधल्या बोटावर ठेवून अंगठ्याने ओढा, तर्जनी लावू नका. मेरुमणी (माळ जिथे जोडली जाते तिथला वेगळा मणी) आला की तो न ओलांडता माळ उलटी फिरवा. एका श्लोकाला सुमारे 11 सेकंद धरले, तर माळेला 20 मिनिटं लागतात. दहा मिनिटांत संपली, तर अक्षरं नक्कीच गिळली गेलीत. नवख्यांनी 11 वेळाच, पण मोठ्याने म्हणावं. मनातल्या मनात चुका ऐकू येत नाहीत.