१/३५ मॉडेलच्या टी-७२ वर ड्रोनविरोधी पिंजरा कसा चढवावा

टी-७२ हा सोव्हिएत बनावटीचा टँक. त्याच्या पस्तीसपट लहान मॉडेलवर पिंजरा करायचा म्हटलं की हात आधी तारेकडे जातो. माझाही गेला होता. दोन संध्याकाळी खपून एकसारख्या चौकोनांची जाळी केली, टरेटवर, म्हणजे तोफेच्या फिरत्या बुरुजावर बसवली आणि लांब उभं राहून पाहिलं, तर ती घराच्या खिडकीचं ग्रिल वाटत होती. सगळी जाळी काढून टाकली. आघाडीजवळच्या शेडमध्ये हाताला लागेल ते लोखंड वेल्ड करून उभी केलेली वस्तू इतकी नीटनेटकी असत नाही. तेव्हा आधी ठरवा की तुमचा टँक कोणत्या महिन्यातला आहे आणि आतल्या तिघांना भीती कुठून आहे.

२०२१ च्या अखेरीस क्रिमियात रशियन टँकांवर दिसलेला पिंजरा म्हणजे टरेटवर खांबांनी उचललेलं नुसतं छत, बाजू उघड्या. पुढे चष्मा लावून चालवायचे एफपीव्ही ड्रोन आले. त्यांना बहुतेकदा आरपीजी-७ चा, म्हणजे खांद्यावरून डागायच्या रणगाडाविरोधी रॉकेटचा गोळा बांधलेला असतो आणि ते मागून, बाजूने, जिथे फट दिसेल तिथून घुसतात. म्हणून जाळी चारही बाजूंनी खाली उतरली. एप्रिल २०२४ मध्ये युक्रेनमधल्या क्रास्नोहोरिव्काजवळ अख्खा टँकच पत्र्याच्या शेडखाली झाकलेला दिसला. रशियन सैनिक पिंजऱ्याला ‘मांगाल’ म्हणतात, म्हणजे मांस भाजायची शेगडी. या शेडला नाव पडलं ‘त्सार-मांगाल’. २०२२ च्या सुरुवातीचा टँक करणार असाल, तर त्यावर ही शेड चढवू नका.

आता अंतरं. इथे घाई नको. गोळ्याच्या टोकात दाब पडला की वीज तयार करणारा स्फटिक असतो. ती वीज बाहेरच्या आणि आतल्या धातूच्या शंकूंमधून मागच्या फ्यूजपर्यंत, म्हणजे स्फोट घडवणाऱ्या भागापर्यंत पोचते. गोळा दोन गजांमध्ये अडकला आणि बाहेरचा शंकू चेपून आतल्याला टेकला, तर शॉर्ट होऊन स्फोट टळू शकतो. टोकच गजावर आदळलं तर मात्र स्फोट होतो, फक्त चिलखतापासून लांब. स्फोटातून निघून चिलखत भेदणारी तांब्याची धार हवेत विस्कटायला अर्धा मीटर अनेकदा पुरत नाही, म्हणून पिंजरा असूनही टँक जळालेले दिसतात. जुन्या आरपीजी गोळ्याचा व्यास ८५ मिलिमीटर. तो अडकायचा तर दोन गजांमधली फट त्याहून लहान हवी, म्हणजे मॉडेलवर २.४ मिलिमीटरच्या आत. मी २ ठेवतो. छत टरेटपासून १४-१५ मिलिमीटर वर धरा. खऱ्या टँकवर ते अर्धा मीटर भरतं.

१२ मिलिमीटरच्या सळईसाठी ०.३५ ची तांब्याची तार घ्या. तार दोन पकडींत धरून एकदा ताणली की सरळ होते. खांबांना १ मिलिमीटरची प्लॅस्टिक पट्टी पुरे. पत्र्यासाठी शीतपेयाचा कॅन कापा, त्याचा ०.१ मिलिमीटर पत्रा म्हणजे खऱ्यातला साडेतीन. पन्हाळी पत्रा हवा असेल तर स्वयंपाकघरातली फॉइल जुन्या कंगव्याच्या दातांवर बोटाने दाबा. कॅनच्या कडेने बोट सहज कापतं, म्हणून कापल्याबरोबर कड पॉलिश पेपरने मारून घ्या.

तारा सुपरग्लूने चिकटवल्या तर रंगवताना निखळतात. सोल्डर करा. सांध्यावर सोल्डरचा जो बारीक गोळा उरतो तो घासू नका, तोच तुमचा वेल्ड. एखादी सळई दोन मिलिमीटर बाहेर सोडा, एखादी तिरकी लावा, एका कोपऱ्यात जाळीचा तुकडा वेगळ्या मापाचा घाला. मागच्या इंजिनावर साखळ्या लोंबत्या ठेवल्या तर छान दिसतात.

शेडवाला टँक करत असाल तर तोफेसाठी समोर फट ठेवा, पण टरेट फिरेल अशी जागा देऊ नका. खऱ्या टँकलाही ती मिळत नाही. समोर सुरुंग चिरडणारे रोलर लावा, कारण हे टँक बहुधा रांगेत पुढे असत. छतावर जॅमरचे, म्हणजे ड्रोनचा रेडिओ संपर्क तोडणाऱ्या यंत्राचे डबे आणि अँटेना बसवा.

रंग पिंजरा वेगळा ठेवूनच द्या. टँक हिरवा असला तरी पिंजरा हिरवा मारू नका. गडद तपकिरी, त्यावर गंजाचा नारिंगी ठिपका फक्त सांध्यांवर, आणि जिथे झाडाच्या फांद्या घासतात त्या वरच्या कडांना पेन्सिलच्या शिशाची चमक. धूळ सगळ्यात शेवटी, टँक आणि पिंजरा दोन्हींवर एकदम.

कायमचं चिकटवण्याआधी एक काम उरतं. १/३५ चा उभा सैनिक ५ सेंटीमीटरचा असतो. त्याला चिमट्यात धरा, कमांडरचं झाकण उघडं ठेवा आणि त्याला त्या भोकातून वर काढून जाळीखालून बाहेर आणून पाहा. डोकं छताला लागलं, खांदे खांबांत अडकले, तर तो खांब मागे सरकवा किंवा झाकणावरचा जाळीचा तुकडा बिजागरीवर उघडता ठेवा. मग ड्रायव्हरच्या झाकणावर हेच करा.