बेळगावकडच्या पोरींनो, सौंदर्यस्पर्धेचा फॉर्म भरायच्या आधी हे वाचा

मी टिळकवाडीत पार्लर चालवते, साडी नेसवायची, मेकअप करायचा, त्यामुळं स्टेजवर पाठवलेल्या मुली बऱ्याच आहेत माझ्या हाताखालनं गेलेल्या. दिवाळी झाली की खानापूर निपाणीकडनं सुद्धा फोन येतात, ताई मिस कर्नाटकचा फॉर्म कुठं मिळतो, पैसे किती भरायचे. मी म्हणते फॉर्म राहू दे गे, आधी मागच्या विजेत्यांची यादी काढ.

यादी म्हणजे काय, तर त्या स्पर्धेत गेल्या सात-आठ वर्षांत कोण जिंकलं आणि जिंकल्यावर त्या मुलीला पुढं काय मिळालं, एवढं एका वहीत लिहायचं. फेमिना मिस इंडियाचंच घ्या, २०१७ मानुषी छिल्लर हरियाणा, २०१८ अनुकृती वास तामिळनाडू, २०१९ सुमन राव राजस्थान, २०२० मानसा वाराणसी तेलंगणा, २०२२ सिनी शेट्टी आपलं कर्नाटक, २०२३ नंदिनी गुप्ता पुन्हा राजस्थान, २०२४ निकिता पोरवाल मध्य प्रदेश. आता पुढचा कॉलम भरा. मानुषी त्याच वर्षी मिस वर्ल्ड झाली, तेव्हा ती मेडिकलला शिकत होती. सुमन राव मिस वर्ल्डला तिसरी आली. सिनी २०२४च्या मार्चमध्ये मुंबईत झालेल्या मिस वर्ल्डला भारताकडनं उभी राहिली. नंदिनी राजस्थानातल्या कोटा शहराची, म्हणजे काही मुंबई-दिल्लीची नव्हे. दुसरा कॉलम असा भरता आला तर ती स्पर्धा खरी, त्या मुकुटाच्या पुढं रस्ता आहे.

आणि भरता आला नाही तर? माझ्या मावसबहिणीचं सांगते. तिनं एका स्पर्धेला २० हजार भरले, वर ग्रूमिंगचे वेगळे, फोटोशूटचे वेगळे. मी यादी मागितली तर फोनवरचा माणूस म्हणाला सगळं इन्स्टावर आहे. बघितलं तर दर वर्षी दहा-दहा राण्या, कुणी मिस स्माईल, कुणी मिस फोटोजेनिक, आणि एकीचंही नाव दुसऱ्या वर्षी कुठं दिसत नाही. मी सांगितलं तरी गेली बिचारी. सॅश, म्हणजे खांद्यावरनं घालायचा किताबाचा पट्टा मिळाला, तसाच सॅश तिच्या लाईनीतल्या सगळ्या पोरींना मिळाला. रात्री घरी येऊन तो सॅश घडी करून कपाटात ठेवला आणि मावशी विचारत होती, एवढं पैसे भरून काय मिळालं गे? तिला काही बोलता येईना. म्हणून निवड झाली असं सांगून लगेच पैसे मागणारे, पावती न देणारे, करार घरी न्यायला न देणारे असले, की तिथंच थांबा, आईबाबांना दाखवल्याशिवाय सही करू नका.

राज्याच्या कॉलमवर आपल्या पोरी हमखास अडतात. घरी मराठी, गाव कर्नाटकात, मग लिहायचं काय? घर, शाळा, आधार इथलं आहे तर कर्नाटक लिहा आणि मान वर करून लिहा, मराठी त्यानं कमी होत नाही. सिनी शेट्टीचा तर जन्मच मुंबईचा, उभी राहिली कर्नाटककडनं. वय, उंची, लग्नाची अट त्या-त्या वर्षीच्या फॉर्मवर नीट वाचायची कारण नियम बदलतात, मिस युनिव्हर्सनं २०२३पासून लग्न झालेल्या आणि आई असलेल्यांना घेतलं, २०२४पासून वरची वयाची मर्यादाच काढली.

कपड्यांवर कर्ज काढू नका, हे मी हात जोडून सांगते. १९९४ला सुष्मिता सेननं मिस इंडिया जिंकलं तेव्हाचा गाऊन सरोजिनी नगरच्या कापडाचा, शेजारच्या पेटीकोट शिवणाऱ्या टेलरनं शिवलेला, हातमोजे नवे मोजे कापून केलेले, तिनंच सांगितलंय. आपल्याकडं तर आजीच्या ट्रंकेत इरकल असतंय. पारंपरिक राउंडला तेच काढा, गुळेदगुड्डचा खण ब्लाऊजला, आणि कसुतीचं भरतकाम असलेलं असेल तर सोनंच. फक्त नेसायची रीत बघा. आधी हिल्स घालायच्या, मग साडी, नाहीतर खालचा काठ वर उचलतो. लाल रेशमी पदर साडीच्या बाकी कापडाला जिथं जोडलेला असतो तो जोड खांद्याच्या पुढं आला पाहिजे, म्हणजे टोपी-तेणीची पांढरी नक्षी पाठीवर सगळी दिसते. पिन थेट रेशमात टोचू नका, पिनेत शर्टाचं जुनं बटण ओवून मग लावा, धागा ओढला जात नाही. आणि जजनं विचारलं तर सांगता यायला पाहिजे की कसुती छापून नाही, धागे मोजून भरतात, गवंती टाका दोन्ही बाजूनं सारखाच दिसतो.

चालायचा सराव गच्चीवर करा, फरशीवर टेप लावून, मोबाईल टाकीवर ठेवून, रोज वीस मिनिटं पुरे.

प्रश्नाच्या राउंडला मात्र जास्त वेळ द्या. आपली मधु सप्रे १९९२ला बँकॉकला मिस युनिव्हर्सच्या शेवटच्या तिघींत होती, देशाची प्रमुख झालीस तर काय करशील असं विचारल्यावर ती खेळाडू पोरगी खेळाच्या सोयींबद्दल बोलली आणि तिसरी आली, आजही लोक म्हणतात त्या उत्तरानं मुकुट गेला. मला ते उत्तर चूक वाटत नाही, मनातलं होतं. फक्त त्याला दोन वाक्यं जोडायला हवी होती, त्यानं लोकांचं काय भलं होईल याची. तेवढंच शिका, मनातलं एक वाक्य, मग त्याचं कारण, मग आपल्या गावचं एक उदाहरण. उदाहरणं आपल्याकडं ढीगभर आहेत, १८२४ला इंग्रजांशी लढलेली कित्तूरची राणी चन्नम्मा, नंदगडला फाशी गेलेला तिचा शिलेदार रायण्णा, १९२४चं बेळगावचं काँग्रेस अधिवेशन जिथं गांधीजी अध्यक्ष होते. इंग्लिशला घाबरू नका, मिस युनिव्हर्सला दुभाषी घेऊन उत्तर देणाऱ्या पोरी असतात. रात्री जेवण झाल्यावर घरातल्या कुणाला तरी पेपरमधला एक प्रश्न विचारायला लावा, एकदा मराठीत उत्तर द्या, मग कन्नडात, मग इंग्लिशमध्ये, आणि रेकॉर्ड करून ऐका कुठं अडखळता ते.