मुरूड-कर्द्यात मुक्काम असेल तर

दापोलीजवळच्या मुरूड किंवा कर्द्यात (जंजिऱ्याचं मुरूड वेगळं!) घरगुती मुक्काम असेल, तर औषधं, रोख पैसे, पेट्रोल दापोलीतच उरकून घ्या. गावातली दुकानं दुपारी बंद असतील, असं धरूनच चला. एक संध्याकाळ मात्र हर्णै बंदरासाठी राखाच. होड्या लागतात आणि किनाऱ्यावरच मासळीचा लिलाव सुरू होतो. ताजी मासळी घरमालकीणबाईंकडून करून घ्यायची असेल तर सकाळीच विचारा. काही घरांत शाकाहारीच स्वयंपाक असतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. तेव्हा आसूदचं केशवराज मंदिर गाठा. सुपारीच्या बागांतून, ओढा ओलांडून पायऱ्या चढायच्या. शेवाळावर पाय सटकतो, घट्ट पकडीची पादत्राणंच घाला.