रेक्टिफायरमध्ये ठिणगी पडते? आधी सेकंद मोजा

गेल्या श्रावणात फोंड्याजवळच्या एका देवळाचे महाजन रिक्षात घालून एक जुना अँप्लिफायर घेऊन आले. चवथीच्या आत दुरुस्त हवा होता. काचेच्या व्हॉल्व्हचा सेट: दोन ईएल ३४ आउटपुट व्हॉल्व्ह, एसीचा डीसी करणारा ५यू४जी रेक्टिफायर व्हॉल्व्ह, आणि ३५०-०-३५० चा ट्रान्सफॉर्मर, म्हणजे मधल्या तारेपासून दोन्ही बाजूंना ३५० व्होल्ट. लावला की रेक्टिफायरच्या काचेत निळी ठिणगी, 'चट्ट' असा आवाज, आणि फ्यूज उडालेला. आधीच्या कुणीतरी तीन रेक्टिफायर बदलून पाहिले होते. तिन्ही गेले.

ठिणगी रेक्टिफायरमध्ये दिसते म्हणून दोष त्याचाच, असं धरून चालू नका. तो बिचारा बऱ्याचदा दुसऱ्याचं बिल भरत असतो. नवा व्हॉल्व्ह घालण्याआधी बटण दाबल्यापासून ठिणगी किती सेकंदांनी पडते ते बघा. अर्धं निदान तिथंच होतं.

दोन-पाच सेकंदांत पडली तर संशय पहिल्या फिल्टर कंडेन्सरवर, म्हणजे रेक्टिफायरच्या लगेच पुढे डीसी सपाट करणाऱ्या कंडेन्सरवर. ५यू४ ची फिलामेंट थेट तापते, लगेच काम सुरू करते. ईएल ३४ ला मात्र तापायला पंधरा-वीस सेकंद लागतात. तोवर एचटीवर, म्हणजे रेक्टिफायरमधून निघणाऱ्या मोठ्या डीसी व्होल्टेजवर, भार नसतो आणि व्होल्टेज शिखरापर्यंत चढतं. ३५० गुणिले १.४१४ म्हणजे ४९५. तिथं ४५० व्होल्टचा जुना कंडेन्सर बसवला असेल तर तो आतून फुटतो, आणि शॉर्टचा सगळा करंट रेक्टिफायरच्या गळ्यात.

वीस सेकंदांनंतर पडली तर दिवे मालवा आणि आउटपुट व्हॉल्व्हच्या प्लेटी बघा. लाल होत असतील तर बायस (व्हॉल्व्हचा करंट आवरणारं ग्रिडचं व्होल्टेज) गेलाय किंवा कपलिंग कंडेन्सर (आधीच्या टप्प्याचा डीसी ग्रिडवर येऊ न देणारा) लीक आहे. कॅथोड बायसच्या, म्हणजे कॅथोडच्या रेझिस्टरवरून बायस मिळणाऱ्या, सेटमध्ये आउटपुट ग्रिडवर शून्य व्होल्ट हवेत. मीटर तिथं पॉझिटिव्ह दाखवत असेल तर तो जुना कागदी कंडेन्सर कापून टाका. ईएल ३४ च्या काचेला आतून चिकटलेली निळी झाक दिसते, तिला घाबरू नका, ती निरोगी व्हॉल्व्हमध्येही असते. रेक्टिफायरच्या प्लेटींच्या मध्ये जांभळट धुकं दिसलं तर मात्र आत गॅस आहे, तो गेला.

स्टँडबायचं (फक्त एचटी जोडणारं-तोडणारं) बटण टाकताच पडत असेल तर रिकाम्या कंडेन्सरवर तापलेला रेक्टिफायर एकदम जोडला जातोय. ते बटण मी सरळ बायपास करतो. आणि ठिणगीला काही वेळापत्रकच नसेल, पावसाळ्यात जास्त पडत असेल, तर सॉकेट पाहा. आमच्याकडची खारट, ओली हवा बॅकेलाइटला सोडत नाही. ४ आणि ६ नंबरच्या पिनांमध्ये ७०० व्होल्ट एसी असतात, त्यांच्यामध्ये काळी रेघ दिसली तर खरवडत बसू नका. सिरॅमिक सॉकेट लावा.

आता हात घालण्याआधी. प्लग भिंतीतून काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. १० किलोओहम, १० वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी कंडेन्सरवर लावा, मिनिटभर थांबा, मग मीटरनं खात्री करा. मी तरुणपणी स्क्रू-ड्रायव्हर टेकवून कंडेन्सर रिकामे करायचो. एकदा टोक वितळून बोटाला चिकटलं, तेव्हापासून रेझिस्टर.

रेक्टिफायर काढून ८ नंबरच्या पिनेपासून (डीसी इथूनच निघतो) चॅसीपर्यंत ओहम मोजा. आकडा हळूहळू वर चढून काही दहा किलोओहमवर गेला तर ठीक. शे-दोनशेवरच बसून राहिला तर शॉर्ट आहे. मग सगळे व्हॉल्व्ह काढून सेट १०० वॉटच्या सिरीज बल्बवर लावा, म्हणजे मेन्सच्या एका तारेत बल्ब टाकून. बल्ब तारेचाच हवा, एलईडी इथं उपयोगाचा नाही. एकही व्हॉल्व्ह नसताना बल्ब झगझगीत पेटला तर ट्रान्सफॉर्मरच जळालाय. सिरीज बल्ब आहे म्हणून फक्त रेक्टिफायर घालून सेट चालू ठेवू नका. भारच नसल्यानं बल्ब फारसं काही अडवत नाही आणि ते ४९५ पुन्हा उभे राहतात.

देवळाच्या सेटमध्ये निघालं काय? घुमणं कमी व्हावं म्हणून कुणीतरी ३२ मायक्रोफॅरडच्या जागी १०० चा कंडेन्सर बसवला होता. रिकामा कंडेन्सर भरेपर्यंत शॉर्टसारखाच वागतो आणि प्रत्येक सायकलला रेक्टिफायरकडून मोठा झटका ओढतो. दुसरे रेक्टिफायर घ्या: जीझेड ३४ ला पहिला कंडेन्सर ६० पर्यंत चालतो, ईझेड ८१ ला ५०. ५यू४ ला मी ४० च्या पुढे जात नाही. घुमणं कमी करायचं तर चोकच्या (फिल्टरमधल्या कॉइलच्या) पुढचा कंडेन्सर वाढवा, अलीकडचा नव्हे.

मी ३२ चाच घातला, पण ६०० व्होल्टचा. प्रत्येक प्लेटच्या तारेत ४७ ओहम, ५ वॉटचा रेझिस्टर टाकला. त्याच तारेत दोन १एन४००७ डायोड सिरीजमध्ये, म्हणजे उद्या व्हॉल्व्ह आतून शॉर्ट झाला तरी ट्रान्सफॉर्मर वाचेल. दोनच का? एकाची सहनशक्ती १००० व्होल्ट आणि इथं उलटा दाब ९९० पर्यंत जातो, म्हणून. ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या, सेंटर टॅपच्या, तारेत एक फ्यूजही दिला.

शेवटी मेन्सचा टॅप, म्हणजे ट्रान्सफॉर्मर किती व्होल्टच्या मेन्सवर लावायचा ती जोडणी. माझ्या दुकानात त्या दिवशी मेन्स २४५ होते आणि ट्रान्सफॉर्मर २२० वर लावलेला. म्हणजे ५ व्होल्टच्या फिलामेंटला साडेपाचाहून जास्त. टॅप २४० वर घेतला.

जुन्या तीन रेक्टिफायरांपैकी दोन हलवल्यावर आत काहीतरी खुळखुळत होतं, ते फेकले. तिसरा टेबलावर अर्धा तास अंधारात चालवून पाहिला. एकदाही चमकला नाही. महाजनांच्या हातात स्पेअर म्हणून तोच दिला.