घरचा संगणक दुकानात नेण्यापूर्वी

नाशिकच्या इंदिरानगरात आमच्या इमारतीत बारा घरे आहेत आणि त्यांपैकी नऊ घरांत संगणक आहे. "संगणक फार हळू झालाय, नवा घ्यावा का?" हा प्रश्न मला जिन्यात वर्षातून चार-पाच वेळा तरी विचारला जातो. दुकानाची वाट धरण्याआधी अर्धा तास स्वतः यंत्रासमोर बसावे, एवढेच माझे उत्तर असते. तीन वर्षांपूर्वी मी स्वतः तो अर्धा तास दिला नव्हता. संगणक थेट एका दुकानात देऊन आलो, तेथील मुलाने न विचारता तो फॉरमॅट केला आणि आईच्या सहस्रचंद्रदर्शनाची सगळी छायाचित्रे पुसून यंत्र चकाचक करून परत दिले. पुढे लिहिलेले बरेचसे त्या दिवसानंतर शिकलेले आहे. विंडोज असलेला साधा संगणक किंवा लॅपटॉप गृहीत धरून हे लिहिले आहे.

संगणक हळू का चालतो, हे आधी पाहावे

पहिला उपाय इतका साधा आहे की तो सांगताना संकोच वाटतो : संगणक रीस्टार्ट करावा. आपण रात्री शट डाउन करतोच, मग वेगळे रीस्टार्ट कशाला, असे कोणालाही वाटेल. परंतु विंडोज १० आणि ११ मध्ये 'फास्ट स्टार्टअप' ही सोय बहुधा चालू असते आणि तिच्यामुळे शट डाउन करतानाही प्रणालीचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो व सकाळी तोच पुन्हा उचलला जातो. रीस्टार्ट केल्यावर मात्र सर्व काही नव्याने सुरू होते. आठवड्यातून एकदा तरी ते करावे.

त्यानेही फरक पडला नाही, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबाव्यात. टास्क मॅनेजर उघडतो आणि त्यात सीपीयू (म्हणजे प्रोसेसर), मेमरी (चालू कामासाठीची तात्पुरती जागा, रॅम) व डिस्क असे स्तंभ दिसतात. ज्या स्तंभाच्या मथळ्यावर क्लिक करावे, त्यात सर्वाधिक भार टाकणारा प्रोग्रॅम यादीत वर येतो. आमच्या तळमजल्यावरील निवृत्त शिक्षिकांच्या लॅपटॉपवर मी हे पाहिले, तेव्हा मेमरी ९४ टक्के भरलेली होती, डिस्क सलग १०० टक्क्यांवर होती आणि यादीच्या डोक्यावर ब्राउझर बसला होता. त्यात एकतीस टॅब उघडे होते. बाईंना वाटत होते की टॅब बंद केला तर ती माहिती पुन्हा सापडणार नाही. त्यांना दोन गोष्टी दाखवल्या. कंट्रोल आणि डी दाबले की ते पान बुकमार्क होते आणि चुकून बंद झालेला टॅब कंट्रोल, शिफ्ट व टी या कळांनी परत येतो. पाच मिनिटांत एकतिसाचे चार टॅब झाले.

त्यानंतर टास्क मॅनेजरमधीलच 'स्टार्टअप ॲप्स' हा भाग उघडावा. संगणक सुरू होताच आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमांची यादी येथे असते. प्रिंटरबरोबर आलेली मदतनीस सॉफ्टवेअरे, बैठकांची ॲप्स, कधीकाळी खेळलेल्या खेळाचा लाँचर, असे बरेच काही तेथे निघते. त्यावर उजवे क्लिक करून 'डिसेबल' निवडावे. यामुळे प्रोग्रॅम पुसला जात नाही, केवळ न बोलावता येणे थांबते. अँटिव्हायरस, ध्वनी आणि टचपॅड यांच्या नोंदींना मात्र हात लावू नये.

एवढे करूनही डिस्कचा आकडा १०० टक्क्यांवरच राहत असेल, तर संगणकात जुनी फिरती हार्ड डिस्क आहे का, हे टास्क मॅनेजरच्या 'परफॉर्मन्स' भागात पाहावे. डिस्कच्या नावाखाली एचडीडी (फिरती डिस्क) किंवा एसएसडी (न फिरणारी, चिपवर साठवणारी डिस्क) असे लिहिलेले असते. फिरत्या डिस्कचा वेग चांगल्या स्थितीतही सेकंदाला साधारण १०० ते १५० एमबी असतो, तर साध्या साटा एसएसडीचा ५०० एमबीच्या आसपास. त्यातही लहान लहान फाइली वाचताना हा फरक कित्येक पटींनी वाढतो. संपूर्ण नवा संगणक घेण्यापेक्षा फिरत्या डिस्कच्या जागी एसएसडी बसवून एवढाच एक भाग बदलला तर बहुतेक घरांचे काम भागते. 'एका क्लिकवर संगणक वेगवान' करण्याचे आश्वासन देणारी क्लीनर सॉफ्टवेअरे मात्र घेऊ नयेत, त्यांतील अनेक स्वतःच स्टार्टअपच्या यादीत जाऊन बसतात.

विंडोज १० वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. मायक्रोसॉफ्टने या आवृत्तीचा नियमित आधार, म्हणजे सुरक्षेच्या सुधारणा पाठवणे, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय, किमान ४ जीबी मेमरी आणि ६४ जीबी साठवण लागते. मेमरी आणि साठवण यांची अट बहुतेक यंत्रे पार करतात, परंतु टीपीएम आणि प्रोसेसर यांच्या अटीपाशी जुनी यंत्रे अडतात. केवळ ब्राउझर, पत्रलेखन आणि चित्रपट एवढाच उपयोग असेल, तर अशा यंत्रावर लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली उत्तम चालते, मात्र ती टाकण्याआधी आपल्या फाइली दुसरीकडे काढून घ्याव्यात.

जागा आणि शोधाशोध

जागा भरत आल्याने सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली की लोक भराभर छायाचित्रे पुसू लागतात, आणि नेमके तेच करू नये. सेटिंग्जमधील 'सिस्टिम' आणि त्यातील 'स्टोरेज' उघडल्यास कोणत्या प्रकारच्या फाइलींनी किती जागा घेतली ते दिसते आणि तात्पुरत्या फाइली तेथूनच काढता येतात. त्या यादीत 'डाउनलोड्स' हा फोल्डरही असू शकतो. त्यात आपली कागदपत्रे असतील तर त्याच्यापुढची खूण आधी काढावी. अधिक नेमके पाहायचे असेल तर 'विझट्री' हे छोटे साधन वापरावे. ते संपूर्ण डिस्क काही सेकंदांत तपासून मोठ्या फाइली मोठ्या चौकोनांत दाखवते. 'विंडोज' नावाच्या फोल्डरमधील काहीही, ते कितीही मोठे दिसले तरी, हाताने पुसू नये.

फाइल शोधण्यासाठी 'एव्हरीथिंग' नावाचे मोफत साधन आहे आणि माझ्या मते घरच्या संगणकावर पहिल्यांदा टाकावे असे तेच आहे. नावातील दोन-तीन अक्षरे टाइप करताच यादी समोर येते. ते फक्त फाइलीचे नाव पाहते, आतला मजकूर नाही, म्हणून नाव नीट द्यावे लागते. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस आणि पुढे विषय, असे नाव दिले की घरपट्टीची पावती, विजेचे बिल, मुलांच्या गुणपत्रिका आपोआप कालक्रमाने लागतात. 'स्कॅन ००१७' या नावाच्या फाइलीत काय आहे, हे स्कॅन करणाऱ्यालाही महिन्याभराने सांगता येत नाही.

याच ओघात इतर साधनेही सांगतो. दाबून बांधलेल्या (झिप) फाइली उघडण्यासाठी 'सेव्हन-झिप', कोणताही व्हिडिओ चालवण्यासाठी 'व्हीएलसी' आणि पत्रे व हिशेब यांसाठी 'लिबरऑफिस' घ्यावे. ही तिन्ही विनामूल्य आहेत. ती त्यांच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्यावीत, कारण शोधयंत्राच्या पहिल्या ओळीत अनेकदा जाहिरात असते आणि तिच्यामागे भलतेच काही दडलेले असू शकते.

मराठीत लिहिणे

सेटिंग्जमध्ये 'टाइम अँड लँग्वेज' येथे जाऊन मराठी भाषा जोडावी आणि तिच्या पर्यायांतून कळफलक निवडावा. येथे दोन मार्ग आहेत. 'मराठी फोनेटिक' निवडल्यास रोमन अक्षरांत उच्चाराप्रमाणे लिहिता येते आणि समोर मराठी शब्द सुचवले जातात. ज्याला कधीतरी चार ओळी लिहायच्या आहेत, त्याला हे पुरे आहे. ज्याला रोज लिहायचे आहे, त्याने मात्र पंधरा दिवस नेट धरून इनस्क्रिप्ट ही कळफलकाची मांडणी शिकावी, असे मी आग्रहाने सांगेन. या मांडणीत स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, तर बहुतेक व्यंजने उजव्या हाताला असतात. 'नाशिक' लिहायचे असेल तर व्ही दाबल्यावर न, ई दाबल्यावर काना, शिफ्टसह एम दाबल्यावर श, एफ दाबल्यावर ऱ्हस्व वेलांटी आणि के दाबल्यावर क उमटतो. वेलांटी डोळ्यांना आधी दिसते, परंतु दाबायची नंतर, कारण उच्चारात ती नंतर येते. हे एकदा बोटांत बसले की शुद्धलेखनही सुधारते, असा माझा अनुभव आहे.

'वाऱ्यावर', 'दुसऱ्या' या शब्दांतील अर्धा र अनेकांना सापडत नाही आणि मग 'दुसर्या' असे भलतेच लिहिले जाते. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्टसह जे, मग डी आणि मग य ची कळ म्हणजे तिरपी रेघ दाबली की 'ऱ्य' मिळतो. ळ साठी शिफ्टसह एन आहे. इंग्रजी आणि मराठी यांत जा-ये करण्यासाठी विंडोजची कळ आणि स्पेस बार एकत्र दाबावेत.

जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली पत्रिका दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांऐवजी चिन्हांचा चिवडा दिसतो. याचे कारण असे की त्या फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्याच जागी मराठी आकार बसवलेले असतात आणि तो फाँट नसला की खालची मूळ अक्षरे उघडी पडतात. वर सांगितलेल्या दोन्ही पद्धती युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षराला स्वतःचा वेगळा क्रमांक देणाऱ्या जागतिक संकेताच्या आहेत, त्यामुळे त्यांत लिहिलेले कोणत्याही फोनवर वाचता येते आणि शोधताही येते.

अर्जासाठी छायाचित्र लहान करणे

प्रवेश आणि परीक्षा यांचे अर्ज भरताना छायाचित्र ५० केबीपेक्षा लहान हवे, अशा प्रकारची अट असते आणि फोनने काढलेले छायाचित्र ३ ते ५ एमबीचे असते. त्यासाठी बाहेर जाऊन पैसे देण्याची गरज नाही. 'पेंट' मध्ये छायाचित्र उघडावे, चेहऱ्यापुरता भाग कापून घ्यावा, 'रिसाइझ' मध्ये पिक्सेल निवडून रुंदी ३०० च्या आसपास ठेवावी आणि प्रमाण कायम ठेवण्याची खूण चालू असल्याची खात्री करून जेपीजी म्हणून नव्या नावाने साठवावे. मूळ छायाचित्रावरच साठवले, तर मूळ गेले असे समजावे. आधारची पीडीएफ परवलीचा शब्द मागते, तेव्हा नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरे आणि त्यांना जोडून जन्मवर्ष टाकावे.

दर संकष्टीला एक प्रत

संगणकातील सगळे भाग बाजारात मिळतात, पण छायाचित्रे मिळत नाहीत. म्हणून महत्त्वाच्या फाइलींच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत घराबाहेर असावी, हा संकेत जगभर पाळला जातो. महिन्यातून एकदा प्रत काढायची ठरवले तरी तारीख लक्षात राहत नाही. मी ती संकष्टीला बांधून टाकली, कारण ती भिंतीवरच्या दिनदर्शिकेत छापलेलीच असते आणि चंद्रोदयाची वाट पाहत बसायचेच असते.

यासाठी बाहेरून जोडायची हार्ड डिस्क घ्यावी. पेन ड्राइव्हवर कायमची भिस्त ठेवू नये. 'फ्रीफाइलसिंक' या साधनात डाव्या बाजूला संगणकातील फोल्डर आणि उजव्या बाजूला डिस्कवरील फोल्डर निवडून 'कंपेअर' करावे, म्हणजे नव्या व बदललेल्या फाइली तेवढ्या दिसतात. पद्धत 'अपडेट' ठेवावी. 'मिरर' पद्धतीत डावीकडे नसलेली फाइल उजवीकडूनही काढली जाते आणि बाजूंची अदलाबदल झाली तर हाहाकार उडतो. प्रत झाल्यावर डिस्कवरील एखादी फाइल उघडून पाहावी आणि डिस्क काढून कपाटात ठेवावी. ती सतत जोडलेली राहिली, तर फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा विषाणू तिच्यापर्यंतही पोहोचतो.

घराबाहेरची प्रत नातेवाइकांकडे ठेवता येते. ती सराफ बाजारात किंवा गोदाघाटाजवळ तळमजल्यावर ठेवणार असाल, तर नाशिककर ज्याच्यावरून गोदावरीचा पूर मोजतात त्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी चढले की घरात पाणी येते, हे त्यांना आधी विचारावे. क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरील साठवणीत, ठेवायची असेल तर गुगल १५ जीबी आणि वनड्राइव्ह ५ जीबी विनामूल्य देते. तथापि, संगणकाशी जोडलेल्या अशा फोल्डरमधून फाइल पुसली की ती तिकडूनही जाते, म्हणून त्याला एकमेव प्रत मानू नये.

पावसाळ्यात वीज क्षणभर जाऊन येते आणि डेस्कटॉपला तेच सर्वांत घातक ठरते. साधा यूपीएस (वीज गेल्यावर बॅटरीवर संगणक चालू ठेवणारे उपकरण) दहा-पंधरा मिनिटांचा अवधी देतो, तो काम आवरण्यासाठी असतो. लेझर प्रिंटर त्याला जोडू नये.

पडद्यावरचा आरडाओरडा

कधी अचानक पडदा लाल होतो, भोंगा वाजू लागतो आणि 'संगणक बंद करू नका, या क्रमांकावर फोन करा' अशी सूचना येते. तो विषाणू नसून केवळ एक वेबपान असते. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन क्रमांक कधीही नसतो. एस्केपची कळ काही क्षण दाबून धरावी, तेवढ्याने भागले नाही तर टास्क मॅनेजर उघडून ब्राउझर निवडावा आणि 'एंड टास्क' करावे. फोन करू नये आणि कोणाच्याही सांगण्यावरून दूरस्थ नियंत्रणाचे ॲप टाकू नये. पैसे गेलेच, तर विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कळवावे. उजव्या कोपऱ्यात सतत येणाऱ्या भडक सूचना मात्र बहुधा आपणच कुठेतरी 'अलाउ' दाबल्यामुळे येतात. ब्राउझरच्या साइट सेटिंग्जमधील 'नोटिफिकेशन्स' येथे ती परवानगी काढून घ्यावी.

हे सर्व करूनही यंत्र दुकानात न्यावेच लागले, तर आधी बँकेची आणि ईमेलची खाती ब्राउझरमधून साइन आउट करावीत. यंत्र सुरू होत असेल तर प्रत काढावी आणि होत नसेल तर 'आधी डेटा काढून द्यावा' असे स्पष्ट सांगावे. दुकानदार पावती फाडतो, तिच्यावर यंत्राचा अनुक्रमांक लिहून घ्यावा आणि त्याखाली आपल्या हाताने 'विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये' असे लिहून त्याची सही घ्यावी. माझ्या पावतीवर तेव्हा फक्त 'लॅपटॉप, काळा, १ नग' एवढेच लिहिलेले होते.