ब्रीदवाक्यातून आद्य ख्रिस्ती सिद्धांताकडे

मिशनरी शिक्षणसंस्थेचे लॅटिन ब्रीदवाक्य समजून घेताना आधी त्याचे मूळ वचन बायबलमध्ये शोधावे व मागचापुढचा मजकूरही वाचावा. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजचे ‘प्रोव्होकान्स आद व्होलान्दुम’ (उडायला प्रवृत्त करणारा) हे बायबलच्या पहिल्या भागातील, म्हणजे जुन्या करारातील ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातले (32:11) आहे. तेथे पिलांना उडायला लावणाऱ्या गरुडाची उपमा इस्राएलला सांभाळणाऱ्या देवाला दिली आहे. मग हे वचन ख्रिस्ती परंपरेत टिकले कसे, हे तपासावे, आणि माझ्या मते खरा अभ्यास येथेच आहे. दुसऱ्या शतकात मार्सियन या ख्रिस्ती विचारवंताने जुन्या करारातील सृष्टिकर्ता देव येशूच्या पित्याहून वेगळा मानून जुना करारच नाकारला होता. सृष्टिकर्ता आणि येशूचा पिता एकच, असे आयरेनियस व तर्तुलियन या आद्य ख्रिस्ती लेखकांनी त्याच्याविरुद्ध ठामपणे मांडले, आणि 325 साली निकिया येथील बिशपांच्या परिषदेच्या मतांगीकाराचा (श्रद्धेच्या अधिकृत निवेदनाचा) आरंभही याच श्रद्धेने झाला. शेवटी ख्रिस्ती विद्वान जेरोमचे बायबलचे लॅटिन भाषांतर उघडावे. ब्रीदवाक्याचे शब्द तेथे जसेच्या तसे सापडतात.