कुत्रा दिवसभर घरी एकटा राहणार असेल, तर या चुका टाळा

आमच्या घरी गेली 22 वर्षे कुत्री आहेत आणि सोसायटीतले कोणी गावाला गेले की त्यांचीही कुत्री आमच्याकडेच मुक्कामाला येतात. त्यामुळे "आम्ही दोघेही नोकरी करतो, मग दिवसभर त्याला ठेवायचे कुठे?" हा प्रश्न महिन्यातून एकदा तरी माझ्यापर्यंत येतो. विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुतेक वेळा आधीच ठरलेले असते. सोफा नवा आहे म्हणून हॉल नको, गादी खराब होईल म्हणून बेडरूम नको, सासूबाईंना चालत नाही म्हणून स्वयंपाकघर नको. असे एकेक करून सगळे घर वगळले की शेवटी बाल्कनी उरते, आणि माझ्याकडून फक्त तिला होकार हवा असतो. तो मी देत नाही.

बाल्कनी

पुण्याच्या उन्हाळ्यात सकाळ फसवी असते. एप्रिलमध्ये सकाळी 8 वाजता पश्चिमेकडची बाल्कनी ही घरातली सर्वांत गार जागा असते, आणि नेमक्या त्याच वेळी मालक डबा घेऊन बाहेर पडतो. दुपारी 2 नंतर ऊन थेट आत येते, फरशी तापते, ग्रीलला हात लावता येत नाही, आणि वर पत्र्याची किंवा प्लॅस्टिकची शेड असेल तर ती उष्णता खाली सोडत राहते. ही दुपार मालकाने कधी पाहिलेलीच नसते, कारण तो त्या वेळी हिंजवडीत ऑफिसच्या एसीमध्ये बसलेला असतो.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पंजांच्या गाद्यांना थोडाफार येतो, बाकी सगळी भिस्त धापा टाकण्यावर असते, आणि भोवतालची हवाच तापलेली असेल तर त्या धापांचा उपयोग कमी होत जातो. त्याच्या शरीराचे नेहमीचे तापमान साधारण 38 ते 39 अंश सेल्सिअस असते. ते 41 च्या वर गेले की उष्माघात होतो आणि आतल्या अवयवांना इजा होऊ लागते. पग, शित्झू, फ्रेंच बुलडॉग अशा बसक्या नाकाच्या कुत्र्यांना तर धापाही नीट टाकता येत नाहीत.

आमच्याच इमारतीत, सिंहगड रस्त्यावर, पाचव्या मजल्यावरच्या जोडप्याने एक पग आणला होता. दोघेही समंजस, कुत्र्यावर जीव टाकणारे. त्यांनी बाल्कनीत गादी टाकली, पाण्याचे भांडे ठेवले आणि स्लायडिंगचा दरवाजा आतून लावून घेतला. तिसऱ्या की चौथ्या दिवशी दुपारी सव्वातीनच्या सुमारास वॉचमनचा इंटरकॉम आला : "काकू, पाचव्यावरचं कुत्रं मघापासून ओरडत होतं, आता एकदम गप्प झालंय." हे दुसरे वाक्य ऐकूनच मी चपला घातल्या. फ्लॅटची एक किल्ली हिंजवडीत, दुसरी मगरपट्ट्यात. किल्लीवाला येऊन कुलूप उघडेपर्यंत 40 मिनिटे गेली. पग कुशीवर पडलेला होता, हिरड्या गडद लाल झालेल्या, तोंडाला फेस, पाण्याचे भांडे उपडे. नळाला टाकीचे पाणी येत होते आणि एप्रिलच्या दुपारी टाकीचे पाणी अंघोळीच्या पाण्याइतके गरम असते, म्हणून आम्ही स्वयंपाकघरातल्या पिंपातले पाणी तांब्या-तांब्याने त्याच्या पोटावर, काखेत आणि पंजांवर ओतत राहिलो, पंखा त्याच्या दिशेने लावला, आणि तो जरा सावध झाल्यावरच गाडीत एसी लावून त्याला डॉक्टरांकडे नेले. हा क्रम महत्त्वाचा आहे : आधी गार करायचे, मग न्यायचे. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवू नये, कारण तो थोड्याच वेळात तापतो आणि उष्णता आत कोंडतो. अर्धवट शुद्धीतल्या कुत्र्याच्या तोंडात पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते.

दोन दिवस सलाइन लावल्यावर तो वाचला. त्याचा मालक मात्र मला पुन्हा पुन्हा एकच सांगत होता, "पण काकू, सकाळी तिथे गार होतं हो."

तेव्हापासून मी जागा निवडण्याची एकच पद्धत सांगते. एखाद्या रविवारी घराची सगळी दारे उघडी ठेवा आणि दुपारी 3 वाजता कुत्रा स्वतःहून कुठे जाऊन झोपला आहे ते पाहा. बहुतेक घरांत तो बाथरूमसमोरच्या पॅसेजमध्ये, दिवाणाखाली किंवा बेडरूमच्या दारात सापडतो. एकटे राहण्याची जागा तीच, किंवा तिला लागून असलेली खोली. त्यासाठी सोफ्यावर जुनी चादर टाकावी लागली तर टाकावी; ज्यांना सोफा अधिक प्रिय आहे, त्यांनी मासे पाळावेत.

बाल्कनीच्या पावसाळी बाजूबद्दल आणि ग्रीलच्या गजांमधून सुटणाऱ्या लहान पिल्लांबद्दल वेगळे लिहीत नाही. वरचे पटले असेल तर त्याची गरज उरत नाही.

याच्या उलट टोकाची चूक म्हणजे खिडक्या घट्ट लावून एसीच्या भरवशावर कुत्र्याला ठेवणे. गुरुवारी देखभालीसाठी काही तास वीज जाणे पुणेकरांना नवे नाही, आणि घरच्या इन्व्हर्टरवर सहसा एसी चालत नाही. जाळीच्या खिडक्या उघड्या, पडदे ओढलेले आणि इन्व्हर्टरवर चालणारा पंखा एवढी व्यवस्था मला एसीपेक्षा भरवशाची वाटते. गुरुवारी कधी कधी पाणीही बंद असते, म्हणून आदल्या रात्री दोन जड भांडी भरून वेगवेगळ्या कोपऱ्यांत ठेवावीत, म्हणजे एक लवंडले तरी दुसरे राहते.

शनिवारी क्रेट आणला, सोमवारी नऊ तास

सवय न लावताच कुत्र्याला क्रेटमध्ये, म्हणजे पिंजऱ्यात, दिवसभर कोंडून जाण्याची ही चूक मी स्वतः केलेली आहे, फक्त क्रेटऐवजी खोली होती. 2009 मध्ये नातेवाइकांकडून दोन वर्षांची राणी आमच्याकडे आली. गावठी, शांत, समजूतदार कुत्री. चौथ्याच दिवशी घरचे एक कार्य होते, म्हणून आम्ही तिला मागच्या छोट्या खोलीत ठेवून दार लावले आणि मंगल कार्यालयात गेलो. खोली हवेशीर होती, पाणी होते, अंथरूण होते. जागेत काहीही चूक नव्हती. संध्याकाळी परतलो तेव्हा दाराचा खालचा प्लाय फाटला होता आणि राणीच्या पुढच्या पायाची दोन नखे मुळापासून तुटून फरशीभर रक्त झाले होते. मी तिला रागावले. ती कान पाडून जमिनीला चिकटली, आणि "बघा, हिला कळतेय आपण काय केले ते" असे मी सर्वांना सांगितले. तिला दाराचे काहीही कळत नव्हते. ती माझ्या आवाजाला घाबरली होती. केलेल्या गोष्टीनंतर काही तासांनी मिळालेली शिक्षा कुत्र्याला त्या गोष्टीशी जोडता येत नाही, हे मला पुढे उमगले. त्या एका दिवसाची भरपाई म्हणून त्याच खोलीत तिला तीन तास निवांत राहता यावे यासाठी आम्हाला दोन महिने खपावे लागले.

म्हणून क्रेट असो वा खोली, ती जागा आपण घरी असताना कुत्र्याच्या अंगवळणी पडली पाहिजे. आमच्याकडे नवा कुत्रा आला की त्याचे जेवण पहिल्या दिवसापासून त्याच खोलीत होते, दार आधी उघडे, मग लोटलेले, मग लावलेले. त्यानंतर मी दूध आणायला खाली जाते, कचरा टाकायला जाते, जिना उतरून परत येते. किल्ल्यांचा आवाज आणि बूट यांवरून कुत्र्याला आपले जाणे आधीच समजते, म्हणून दिवसातून तीन-चार वेळा किल्ल्या वाजवून मी घरातच बसून राहते. हे सगळे करताना वेडगळ वाटते, हे मला मान्य आहे. परंतु दोन दिवसांत कंटाळून "आमचा नाही हो राहत" असे सांगायला येणाऱ्यांना मी आता चहासुद्धा विचारत नाही.

2020 च्या टाळेबंदीत घेतलेल्या पिल्लांची गत अशीच झाली. ती एक तासही एकटी न राहता वाढली आणि कार्यालये उघडल्यावर थेट दिवसभर एकटी पडली.

निघताना जुना मोबाइल रेकॉर्डिंग लावून खोलीत ठेवावा आणि पहिला अर्धा तास पाहावा. एकटेपणाची भीती असेल तर ती बहुतेक वेळा एवढ्या वेळातच दिसते : सतत लाळ गळणे, दारच ओरबाडणे, लांबट सुरात रडणे. अशा कुत्र्याला अधिक मजबूत पिंजऱ्यात कोंडणे हा उपाय नव्हे, कारण तो दात आणि नखे मोडून घेतो. त्याला डॉक्टरांना दाखवावे. थोडे भुंकून, चप्पल चावून झोपी जाणारा कुत्रा मात्र फक्त कंटाळलेला असतो. त्याला सकाळी 10 मिनिटांऐवजी 45 मिनिटे फिरवून आणावे.

बाकीच्या, थोडक्यात

साखळीने बांधून जाऊ नये. पाय अडकतो, गळा आवळतो, आणि फार आखूड किंवा जड साखळीने प्राण्याला अवाजवी वेळ बांधून ठेवणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हाही आहे. क्रेटमध्ये ठेवताना गळ्यातला पट्टा काढावा, तो जाळीत अडकतो. बाथरूममध्ये कोंडू नये, तिथे फिनेल आणि भरलेली बादली असते. पार्किंगमध्ये मोकळे सोडून जाणे ही व्यवस्था नव्हे, ती शेजाऱ्यांवर टाकलेली जबाबदारी आहे.

स्वयंपाकघर द्यायचेच असेल तर सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करावा, कारण ओट्यावर पाय टाकणाऱ्या कुत्र्याकडून शेगडीचे बटण फिरू शकते. कचऱ्याचा डबा बाहेर काढावा. आंब्याची कोय आणि मक्याचे कणीस आतड्यात अडकले की शस्त्रक्रियेवाचून सुटका नसते. मनुकांचा डबा वरच्या फळीवर ठेवावा, कारण द्राक्षे आणि मनुका यांनी कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

तीन महिन्यांचे पिल्लू फार तर चार तास लघवी धरते. ते नऊ तास कुठे ठेवावे, या प्रश्नाला जागेचे उत्तर नाही. मधे कोणीतरी घरी यावे लागते. लक्ष्मीपूजनाच्या रात्री आणि अनंत चतुर्दशीला, जेव्हा मिरवणूक 24 तासांहून अधिक चालते, कोणत्याही वयाच्या कुत्र्याला एकटे ठेवू नये. अगदीच नाइलाज असेल तर रस्त्याकडे खिडकी नसलेली खोली निवडावी.

आणि घराची एक किल्ली इमारतीतच, दुपारी घरी असणाऱ्या कोणाकडे तरी ठेवावी. पाचव्या मजल्यावरची किल्ली आता आमच्या फ्रिजवर टांगलेली असते. पग दुपारी त्यांच्या पॅसेजमध्ये, बाथरूमच्या पायपुसण्यावर पोट टेकून झोपतो, आणि आठवड्यातून एकदा मी उगाचच दार उघडून त्याला पाहून येते.